सोबतीला जाणारा माणूस

आमचं मंडळ मस्कतच्या हमरिया वस्तीतल्या एका खोलीत जन्मलं, ते भजनासाठी नव्हे, मरणासाठी. सिंधुदुर्गातल्या तीन-चार गावांतले सुतार, आचारी, एसी मेकॅनिक तेव्हा तिथे दाटीवाटीने राहत. त्यांतला एकजण गेला आणि त्याची शवपेटी एकटीच गोव्याला उतरली. घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बापाला विमानतळावर कुठे जायचं, कोणाला विचारायचं, काही कळेना. ही हकिकत मस्कतला पोचली तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, यापुढे आपला माणूस एकटा जाणार नाही. नव्याला खोली शोधून देणं, आजाऱ्यापाशी बसणं, हे सगळं मागाहून आलं.

सोबत जायचं काम बहुतेक वेळा काकांच्याच गळ्यात पडे. काका म्हणजे मंडळातले सगळ्यांत जुने सुतार. नात्याने कोणाचेच नव्हते, म्हणून सगळ्यांचेच काका. परत आले की करवादत, "खांदो देणाऱ्याक चाय गावता, मस्कतसून इलेलो मात्र उपाशी. मयताच्या घरात चूल पेटणा नाय, मग मागूचा कोणाकडे?" आम्ही हसायचो. मग तेही हसत आणि म्हणत, "माझ्यावांगडा जो येतलो, तेणा डबो घेऊन येवचो."

आपल्या पेटीसोबतही कोणीतरी येईल, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

या उन्हाळ्यात काका कामावरच कोसळले आणि गेले. कंपनीने कागदपत्रं चटाचट केली, त्याबद्दल बोट ठेवायला जागा नाही. हल्ली कंपनीचा विमा असतो, मोबाइलवर ग्रुप असतो, मंडळाची गरज कोणाला? आम्ही उरलेले पाच-सहाजण हमरियात जमलो. एकाची रजा शिल्लक नव्हती, दुसऱ्याचा व्हिसा नूतनीकरणाला गेला होता, तिसऱ्याच्या पोरांची परीक्षा. खोटं कोणीच बोलत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. चौथा म्हणाला, "आता कशाला जायला हवं कोणी? ॲम्ब्युलन्स दारात नेऊन सोडते." मी त्याला नको ते बोललो. पार्सल आहे का ते, असंही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मदिनत सुलतान काबूस भागात एका बंगल्याचं वायरिंग चालू असताना मी अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, रजा मागितली. त्याने विचारलं, "भाऊ?" मी हो म्हणालो. "खलास, जा," म्हणत त्याने रजा दिली.

घरी फोन करायचीही मंडळाची रीत ठरलेली होती. गेला, असं कधी सांगायचं नाही. तब्येत जरा बरी नाही, घेऊन येतोय, एवढंच सांगायचं. बाकीचं सोबत गेलेल्याने दारात उभं राहून सांगायचं. काकांनी हे वाक्य किती घरांना ऐकवलं असेल! मी तेच गावी काकूंना सांगितलं.

"वांगडा कोण येता?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बरा," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काकांना काय झालंय, कुठे आहेत, एक शब्द विचारला नाही. मला वाटलं, बाईला काही कळलेलंच नाही. गोव्यापासून गावापर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये मी दारातलं वाक्य जुळवत होतो. डबा घ्यायचं मात्र पार विसरलो.

ते वाक्य बोलायची वेळच आली नाही. अंगण माणसांनी भरलेलं होतं. पेटी उतरवली तशा बायका हंबरडा फोडून रडायला लागल्या. काकू पेटीपाशी बसल्या, तिच्यावर हात ठेवला, आणि रडता रडता मान वर करून मला शोधलं. मग शेजारणीला म्हणाल्या, "ह्येका तुझ्याकडे ने. ताट वाढून ठेव म्हणान काल सांगितलंय मा? आधी जेवक घाल. तेंका मयताच्या घरात कोणी कधी वाढूक नाय."

शेजारच्या पडवीत ताट झाकून ठेवलेलं होतं. भात, डाळ, लोणच्याची फोड. मी पहिला घास हातात घेतला आणि तसाच बसून राहिलो.