दीडएकरचा शिक्का

तलासरीच्या शाळेत सातवीचा तास चालू होता, तेव्हा काकूचा फोन आला. वर्गात मी फोन घेत नाही, पण काकू आपणहून कधी फोन करत नाही, म्हणून घेतला. "राष्ट्रप्रमुख गेले, बाय," ती म्हणाली. आवाजात रडं नव्हतं, सरकारी निवेदन वाचावं तशी ती बोलली. मग जरा थांबून म्हणाली, "लवकर ये. फाटकावर कोणीतरी पाहिजे... ते येतील आता." ते म्हणजे माझे वडील अण्णा, काकांचे सख्खे थोरले भाऊ. मधल्या कुंपणाच्या पलीकडे राहणारे, आणि तीस वर्षांत एकदाही अलीकडे न आलेले.

राष्ट्रप्रमुख म्हणजे माझे बाबूकाका. सरावलीच्या पुढे त्यांची दीड एकर चिकूची वाडी आहे, आणि ती वाडी भारतात नाही असं ते शेवटपर्यंत ठामपणे सांगत. देशाचं नाव दीडएकर. झेंडा म्हणजे काकूच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ. राष्ट्रप्रमुख स्वतः काका. गृह, पाणी आणि स्वयंपाक ही तिन्ही खाती काकूकडे, आणि काकांचा कुठलाही हुकूम रद्द करायचा अधिकारही तिच्याचकडे. शंभर पानी वहीत लिहिलेली घटना, तिचं पहिलं कलम एका ओळीचं: मोठ्याने वाचल्याशिवाय सही नाही. लोकांना ही म्हाताऱ्याची गंमत वाटायची. मला कधीच वाटली नाही, कारण हा देश ज्या सहीमुळे जन्मला, त्या सहीसाठी पेन मी नेऊन दिलं होतं.

आमच्या घरात रीत होती की थोरल्या भावाने पुढे केलेला कागद धाकट्याने वाचायचा नाही. वाचणं म्हणजे अविश्वास, आणि तो सगळ्यांच्या देखत केलेला अपमान. आजोबांच्या तेराव्याचं जेवण आटोपलं होतं. मी चौथीत होते. अण्णांनी माझ्या हातात घडी घातलेला कागद आणि पेन दिलं. म्हणाले, "जा, काकाची सही घेऊन ये." काका अंगणात पत्रावळी गोळा करत होते. त्यांनी हात धोतराला पुसले, मला पाठमोरं उभं केलं आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. पेनाचं टोक टोचलं म्हणून मी हसले, तेही हसले. घडी त्यांनी उलगडलीसुद्धा नव्हती. त्या सहीने घरची विहीर आणि रस्त्याला लागणारी वाट अण्णांच्या वाट्याला गेली.

चैत्रात अण्णांनी काकांची पाण्याची पाळी बंद केली. काकांनी बोअर मारली, तिला मचूळ पाणी लागलं. सरकारी नळावरून काकू हंडे वाहत होती आणि ते झाडांच्या बुंध्याशी ओतत होती. शेजारी आमच्या वाडीत मोटर धडधडत होती. अकरा झाडं वाळली. कुंपणापाशी उभी राहून मी ती मोजली आहेत. डहाणूच्या कचेरीत काकांना एकच प्रश्न विचारला गेला, "सही तुमचीच ना?" काका खोटं बोलणारे नव्हते. घरी येऊन त्यांनी मागच्या बांधावर नवं फाटक बसवलं, त्यावर चुन्याने 'दीडएकर. वाचून आत या' असं लिहिलं आणि काकूला सांगितलं, आजपासून आपण वेगळे. ती म्हणाली, "बरं. मग हंड्यांचं बघा आधी."

अण्णांनी मला तिकडे जायला बंदी केली, म्हणून मी बांधावरून जायला लागले. पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी मला फाटकात अडवलं. त्यांनी एक अर्ज तयार ठेवला होता. तो मी मोठ्याने वाचला, सही केली, आणि त्यांनी चिकूच्या लाकडातून कोरलेला शिक्का त्यावर उमटवला. अर्ज क्रमांक एक. त्याच दुपारी मला परराष्ट्रमंत्री केलं. पेनाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मीच म्हणाले, "काका, तो कागद मी आणला होता." ते शिक्का पुसत म्हणाले, "तू कागद आणलास, बाय. वाचायचं काम माझं होतं." मला त्याने काही हलकं वाटलं नाही... आजही वाटत नाही.

पुढे सगळी दुनिया त्या फाटकावर अर्ज वाचून आत गेली. पोस्टमन, मीटरवाला, मतं मागणारे, सगळे. चिकू घ्यायला येणारे गुजराती शेठ टेम्पोतूनच ओरडायचे, "बाबुभाय, विझा आपो, माल पाकी जशे!" माल पिकून जाईल म्हणून त्यांची घाई, तरी काका त्यांना अख्खा अर्ज वाचायला लावायचे. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना स्वतः वाचून दाखवायचे, दोनदा. मोलमजुरीला येणाऱ्या बायकांनी त्यांच्याकडून ही सवय उचलली आणि त्या बँकेतल्या साहेबालाही "आधी वाच" म्हणायला लागल्या. अर्जांच्या वहीत एकच खोट होती. एक नंतर एकदम तीन होता. दोन नंबर काका विसरले असतील असं मी धरून चालले.

काकांना सूड नको होता. मला हवा होता. अण्णांच्या घरात मी वाढले, त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायले, आणि लग्न करून तलासरीला गेले तरी दर रविवारी एसटीने येऊन बापाच्या घरावरून पुढे जात काकांकडे उतरत राहिले. अण्णा ओसरीवर बसलेले असायचे. मी मान वळवायचे नाही. एकदा काकांना विचारलं, "ते आले फाटकावर तर?" टेबलाच्या खणातून त्यांनी एक बंद पाकीट काढून दाखवलं. वर लिहिलं होतं, 'अण्णासाठी'. म्हणाले, "त्याचा अर्ज तयार आहे. आला की दे." आत काय असेल याची मी वर्षानुवर्षं चव घेतली. तोच जुना कागद, फक्त नावं उलटी केलेली, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा काकांना अंगणात ठेवलं होतं. थोड्या वेळाने अण्णा काठी टेकत बांधावरून फाटकापाशी आले. पहिल्यांदाच. माणसं बाजूला झाली. काकू माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "खातं तुझं आहे." मी खणातून पाकीट आणलं, फोडलं आणि आतला कागद घडी न उलगडता अण्णांपुढे धरला. आता मोठ्याने वाचा म्हणणं माझं काम होतं. देशाचं पहिलं कलम होतं ते. मी पेन पुढे केलं आणि गप्प राहिले. "कुठे करू?" अण्णांनी विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांनी सही केली, आत गेले आणि भावाच्या पायाशी बसले. मी काकांचा कायदा त्यांच्याच अंगणात, त्यांच्या देखत मोडला.

कागद मी वाचला तो काकांच्या तेराव्याला. काकांचं तरुणपणीचं अक्षर, शाई तपकिरी झालेली. 'अर्ज क्रमांक दोन. नाव: अण्णा. नातं: भाऊ. येण्याचं कारण: विचारू नये. मुक्काम: कायमचा.' बस. म्हणजे माझ्या पाठोपाठ, त्याच आठवड्यात लिहिलेला. झाडं वाळून गेलेली असताना हा माणूस हे लिहून बसला होता, आणि मी इतकी वर्षं त्या पाकिटाच्या भरवशावर जगत होते! काकांचा इतका संताप मला कधीच आला नव्हता. मी रडले, पण आधी संतापले.

त्यानंतर अण्णांना झोप नाही, असं त्यांच्या घरातली माझी वहिनी सांगते. वकील करून झाला. विहीर गेली, घर गेलं, काय लिहून घेतलं पोरीने, हेच दिवसभर चालू असतं. दोनदा फाटकाशी येऊन त्यांनी विचारलं, "काय होतं गं त्यात?" मी दोन्ही वेळा तेच सांगितलं, "वाचायला हवं होतं, अण्णा." मला बरं वाटतं. हे लिहायला लाज वाटली पाहिजे, वाटत नाही. राष्ट्रप्रमुखांनी माफ केलं असेल, परराष्ट्र खात्याने अजून केलेलं नाही.

इथे, वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत, हे निर्धास्त लिहिते आहे. अण्णांकडे रविवारचा अंक येतो, पण ते मथळे बघतात आणि पुरवणी चिकूच्या खोक्यात तळाला घालायला ठेवून देतात. उत्तर त्यांच्याच ओसरीवर पडलेलं असेल. घडी उलगडून शेवटपर्यंत वाचायचे कष्ट तेवढे घ्यावे लागतील.

काकू अजून रोज सकाळी शाईच्या गादीवर दोन थेंब पाणी टाकते, सुकू नये म्हणून. खणात अर्ज क्रमांक दोन आहे. त्यावर सही आहे. शिक्का मी अजून मारलेला नाही.