न सोडलेली मूर्ती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. अमळनेरच्या ख्रिस्ती मेळाव्यात मी जी साक्ष दिली, ती खोटी होती.

तेव्हा मी आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे भडगावच्या बौद्ध वस्तीत प्रार्थनेला जायचो. एका म्हाताऱ्या अक्कांच्या ओट्यावर बसायचो. त्यांचा मुलगा तापाने फणफणला होता. मी प्रार्थना केली, डॉक्टरांनी सलाईन लावलं, ताप उतरला. अक्का नंतरही आमची येशूची गाणी ऐकायला बसत, वर चहा पाजत.

‘‘तुना येसू भला माणूस शे, भाऊ,’’ त्या म्हणायच्या. ‘‘पन तुले पोटभर जेवाले नही देस का?’’

आत फळीवर बुद्धाची पितळी मूर्ती होती. नवऱ्याने नागपूरहून आणलेली. अक्का ती रोज पुसायच्या.

मेळाव्यात प्रत्येकाने आपल्या गावची साक्ष द्यायची असते. माझ्याआधीच्यांच्या साक्षी मोठमोठ्या होत्या. मंडळीचा पाळक, म्हणजे पास्टर, म्हणून माझं नाव पुढे चाललं होतं. नुसता उतरलेला ताप मला तोकडा वाटला. मी म्हणालो, ‘‘या माउलीने स्वतःच्या हाताने बुद्धाची मूर्ती गिरणा नदीत सोडली.’’ टाळ्या पडल्या. कोणीतरी मोबाइलवर ते टिपलं.

आठवड्याभरात व्हिडिओ वस्तीत पोचला. अक्कांनी मूर्ती पदरात घेऊन विहारात नेली, सगळ्यांना दाखवली. बायांचा विश्वास बसला नाही. म्हणाल्या, ‘‘नवी लई उनी व्हई.’’ नवी आणली असेल. पौर्णिमेला विहारात पहिली मेणबत्ती लावायचा मान त्यांचा होता. तो गेला.

त्यांनी मला फोन केला. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. ‘‘भाऊ, तू यीसन सांग ना. मनी मूर्ती घरमाच शे.’’

‘‘येतो, अक्का,’’ म्हणालो. गेलो असतो तर मिळू घातलेलं पाळकपद गेलं असतं. नंतर त्यांचा नंबर दिसला की फोन उलटा ठेवायचो.

धुळ्याला पाळक झालो. दीड वर्षाने अक्का गेल्या. मातीला मी धुळ्याहून गेलो, मागे उभा राहिलो. विहारातलं कोणी आलं नव्हतं. मुलाने एकट्याने मोबाइलमध्ये बघून त्रिशरण म्हटलं, दोनदा अडखळला. मूर्ती त्यांच्या उशाशी ठेवलेली होती. विहार चार घरं पलीकडे होतं. तेव्हाही मी गेलो नाही.

त्या विहारात उभं राहून मला एवढंच सांगायचं आहे: अक्कांनी मूर्ती सोडली नव्हती, मी खोटं बोललो. ते मी अजून सांगितलेलं नाही.