पाठमोरी कचेरी

आमच्या खाडीवरची जुनी बंदर कचेरी रस्त्यावरून पाहिली की पाठमोरी वाटते. कमानी, नक्षीचे खांब, रुंद पायऱ्या, सगळा थाट समुद्राकडे. आपल्या वाट्याला मागचं अरुंद दार. गलबतं यायची केव्हाच थांबली. तरी तिथल्या झाडलोट करणाऱ्या मावशी रोज सकाळी आधी समुद्राकडचं दार उघडतात, उंबरठा पुसतात आणि मगच आमच्याकडचं दार उघडतात.

"आता कोण येणार हो तिकडून?" मी विचारलं.

"वारा येतो की! त्याला काय मागच्या दारानं घ्यायचं?"

काम झाल्यावर मी समुद्राकडूनच बाहेर पडलो. भरतीचं पाणी एकेक पायरी चढत वर येत होतं. मी नकळत चपला हातात घेतल्या आणि बाजूला सरकून त्याला वाट दिली.