मूठ पिळली की

अंगणात लांब पल्ल्याच्या दोन मोटरसायकली उभ्या होत्या. कुणाची सरस, यावर माझी नात सई आणि तिची मैत्रीण हुज्जत घालत होत्या. "तुझी ताकदीची आहे गं," सई म्हणाली, "पण मूठ पिळल्यावर आधी विचार करत बसते. मी मुठीतली केबल ओढणारी चकती मोठी बसवून घेतली. जरा पिळली की निघालीच!"

मला हसू फुटलं. विचार करत बसणारी गाडी म्हणजे तरुणपणीची मीच की! आमचे हे मोपेड सुरू करून विचारायचे, "बसलीस का?" मी बावळट आधी पदर सावरणार, कोण बघतंय ते पाहणार, मग लाजत "हं" म्हणणार. एकदा तेवढ्यात हे निघूनही गेले आणि मंडईपर्यंत रिकाम्या सीटशी गप्पा मारत राहिले. त्या मेल्या लाजेपायी किती चकरा हुकल्या माझ्या!

"आजी, येतेस घाटापर्यंत?" सईनं विचारलं. सुनेच्या कानावर गेलं असतं तर संपलंच होतं. मी साडी वर खोचली, हेल्मेट चढवलं आणि दोन्हीकडे पाय टाकून बसले.

"आई, अहो तुमचे गुडघे!" सून दारात येऊन ओरडली.

उत्तर द्यायला मी अंगणात होते कुठे!