पे-स्टबची फाईल आणि डायरेक्टरचं हसू

मंडळी, आज मी सूड घेतला आणि मला जराही वाईट वाटत नाहीये.

इथे अमेरिकेत ट्रॉयजवळच्या ज्या चार्टर स्कूलमध्ये (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र बोर्डाने चालवलेल्या शाळेत) मी गणित शिकवते, ती या महिन्यात बंद होतेय. रिटायरमेंटचे पैसे आमच्या पगारातून नेमाने कापले गेले, पण जानेवारीपासून कुणाच्याच खात्यात पोचले नाहीत. माझी सहकारी लिंडा तर पुढच्या वर्षी रिटायर होणार होती.

आज बोर्डाच्या मीटिंगमध्ये डायरेक्टर म्हणाला, "पगाराचं ऑनलाइन पोर्टल बंद झालंय. किती कापले, त्याचे रेकॉर्ड्स आता मिळणार नाहीत."

मी प्रत्येक पे-स्टब, म्हणजे किती पैसे कापले ते दाखवणारी पगाराची स्लिप, प्रिंट करून फाईलला लावते. कागद जपायची आपली देशी खोड! त्यावरून हाच माणूस स्टाफरूममध्ये मला सगळ्यांसमोर हसला होता. तीच फाईल मी टेबलावर आपटली आणि कापलेली एकेक रक्कम माइकवर वाचली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आपण बाहेर जाऊन बोलूया का?" तो पुटपुटला.

"हसलास सगळ्यांसमोर, आता बोल पण सगळ्यांसमोर."

मंडळी, तुमचे कापलेले पैसे खात्यात पोचतात का, कधी बघितलंय?

आणि हो, फाईलची कॉपी मी सकाळीच लेबर डिपार्टमेंटला पाठवलीय. त्याला अजून माहीत नाही.