गच्चीवरची पावडर

यांची नोकरी गेली त्या वर्षी आम्ही कपडे धुण्याची पावडर करायला लागलो. हे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. परदेशी माल बाजारात यायला लागला तशी कारखान्यानं माणसं कमी केली. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणत. स्वेच्छा कुणाची, ते कुणी विचारलं नाही. मी नांदेडहून लग्न होऊन हैदराबादेत आलेली. सुलतान बाजाराच्या मागं आमच्या दोन खोल्या होत्या आणि वर सगळ्यांची मिळून एक गच्ची.

"पावडरीत काय अवघड आहे?" हे म्हणाले. "धुण्याचा सोडा, स्लरी, मीठ, थोडा रंग, थोडा वास."

"मीठ कशाला?"

"वजनाला," म्हणाले आणि हसले. त्या वर्षात ते क्वचितच हसले.

स्लरी म्हणजे काकवीसारखं दाट, तपकिरी आम्ल. प्लास्टिकच्या कॅनमधून यायची. सोड्यावर ओतली की फसफसायची, घमेलं तापायचं, मग हळूहळू मिश्रण निवायचं. ते गच्चीवर पसरायचं, सुकलं की गाठी फोडायच्या, चाळायचं. सोड्याची भुकटी नाकात जायची. शिंकून शिंकून डोकं जड व्हायचं. दुपारी पिशव्या भरायच्या, संध्याकाळी मी जवळच्या कोठी भागातल्या गल्ल्यांतून दारोदार जायची. यांना ते जमत नव्हतं. दारात उभे राहिले की शब्दच फुटायचा नाही.

एकदा गाठी फोडताना मी विचारलं, "अहो, पण यानं मळ निघतो कसा?"

"स्लरीच्या प्रत्येक कणाला दोन टोकं असतात. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तेलाचं टोक मळात घुसतं, पाण्याचं बाहेर राहतं. असे पुष्कळ कण भोवती जमले की मळ कपड्यावरून सुटतो आणि पाण्याबरोबर जातो."

"मग सोडा?"

"आपल्या बोअरचं पाणी जड आहे ना. त्यातले क्षार या कणांना नीट काम करू देत नाहीत. सोडा आधी त्यांचा बंदोबस्त करतो."

मी मान हलवली. माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. कपड्यांचं तेल नेणारी पावडर माझ्या कातडीचंही तेल नेत होती. रात्री खोबरेल लावून हात उघडे ठेवून झोपायची.

हळूहळू दारं लवकर बंद व्हायला लागली. टीव्हीवर मोठ्या कंपन्यांच्या पांढऱ्याशुभ्र जाहिराती, आणि किराणा दुकानांत एका धुण्यापुरत्या छोट्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या. नेहमीची एक गिऱ्हाईक मला तशी पुडी दाखवून म्हणाली, "तुमारा पाउडर अच्छाच है अम्मा, मगर बच्चे नक्को बोलते. इसका वास अच्छा आता बोलते." तिच्यावर राग आला नाही. रागावायलाही अंगात जोर लागतो.

असंच एका सकाळी हे कॅन कलता करत होते. हात निसटला आणि स्लरी उसळून डोळ्यात गेली. हे ओरडले, तसं ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"पाणी! पाणी ओत!"

वीज गेलेली, बोअर बंद. नळ एक दिवसाआड यायचा आणि आमच्या पिंपात तळाला थोडंसं उरलं होतं. ते मी ओतलं आणि संपलं. जिन्यातून हाका मारत सुटले. खालच्या मजल्यावरच्या आपा पिण्याच्या पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन वर आल्या. मी तांब्या बुडवताना क्षणभर थांबले, कारण त्यांच्याही घरी दुसरं पाणी नव्हतं.

"डालो ना! पानी का फिकर नक्को करो. डालते रहो!"

समोरच्या तेलुगू मावशींनी बादली आणली, मग घागर आणली. मी ओतत राहिले, आपांनी यांच्या पापण्या बोटांनी उघड्या धरल्या. हे लहान मुलासारखे कण्हत होते. गच्चीभर फेस झाला. मग रिक्षानं कोठीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बॅटरी लावून बराच वेळ पाहिलं. "लगेच धुतला म्हणून वाचला," म्हणाले.

डोळ्यावर पट्टी बांधून हे बाजेवर बसले. म्हणाले, "पुरे आता."

"हो," मी म्हटलं.

नळ आला त्या पहाटे मी आधी आपांचा हंडा भरला, मग मावशींची भांडी, शेवटी आमचं पिंप. उरलेल्या पिशव्या दोघींच्या घरी पोचवल्या. पुढं हे आबिड्सला एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभे राहू लागले, मी एका शाळेत आया म्हणून लागले. संध्याकाळी दोघांचेही पाय सुजलेले असत. जेवण झालं की दिवा मालवायचो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते दुसऱ्या दिवसावर टाकायचो.