पापा लुकाची पंचवीस मिनिटं

पोस्टिंगची ऑर्डर आली तवा मी गडमुडशिंगीत सुट्टीवर हुतो. शांतिसेना, आफ्रिका, एक वर्ष. आई म्हणाली, "तिथं तरी नकला करू नगोस." मी म्हटलं, "न्हाय करत." खोटं बोललो.

कॅम्पात आम्ही भारतीय, घानाचे शिपाई, रेडिओ सांभाळणारे चार नेपाळी सिग्नलवाले आणि गावातनं कामाला येणारी चाळीस माणसं. मी नाईक शिंदे, काम डिटेलचं. म्हंजे कोण कुठं, किती वाजता, कुणाबरोबर, ह्याचा रोजचा कागद मी बनवायचा. कंपनीत ह्याला एच.आर. म्हणत्यात आणि एसीत बसवत्यात. मला पत्र्याखाली बसवलतं.

नेपाळ्यांना सात म्हटलं की पावणेसातला हजर. घानावाले बरोबर सातला, पण आधी प्रार्थना. आमची पोरं चहा झाल्याबिगर हलत न्हाईत. आठवड्यात सगळ्यांच्या नकला मला जमल्या. आमच्याकडं ज्याची नक्कल केली तो आपला झाला. तालमीत वस्तादाची नक्कल वस्तादासमोरच करायची, वर तोच दूध पाजतो.

गावच्या माणसांचा मुकादम पापा लुका. सत्तरीचा, एक पाय ओढत चालायचा. ०७३० ला चाळीस जणांना ओळीत उभा करायचा आणि एकेकाला विचारायचा. आई कशी हाय? शेळी व्याली का? छप्पर गळायचं थांबलं का? पंचवीस मिनिटं. माझ्या कागदावर काम ०७३० ला सुरू. रोज पंचवीस मिनिटं बुडायची.

एका दुपारी जेवताना मी त्याची काठी उचलली. पाय ओढला. त्याचा आवाज काढून ओळीनं विचारत गेलो. शेळी कशी हाय? शेळीची सासू कशी हाय? आमची पोरं लोळली. गावची माणसं जेवायची थांबली. पापा लुकानं कप खाली ठेवला, माझ्या हातातनं काठी घेतली आणि गेला. मागनं चाळीसच्या चाळीस गेले.

मला वाटलं, रुसलं म्हातारं. उद्या येतंय की.

दुसऱ्या दिवशी ०७३० ला एक माणूस आला न्हाय.

०८१० ला बसगोंडा आडवा झाला. लान्स नाईक, ड्रायव्हर, आमच्या जिल्ह्यातल्या नेसरीचा. पोट धरून लोळत हुता. कॅम्पचे डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स. संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं न्हाय तर फुटंल. रस्ता पुरानं तुटलेला. हेलिकॉप्टर १५०० ला येऊ शकत हुतं, पण हेलिपॅडवर घोटाभर चिखल. निम्मी माणसं गस्तीवर. कॅम्पात मोकळी माणसं अकरा.

रेडिओवर पायलटनं विचारलं, "पॅड पक्कं आहे का? ओव्हर."

आमच्याकडनं उत्तर गेलं, "मुरूम टाकून होईल, सर. ओव्हर."

"होईल नको. झालं की सांगा. आऊट."

मेजर साहेब माझ्याकडं वळले. "शिंदे, लेबर किधर है?"

"नहीं आया, सर."

"क्यूँ?"

"मेरी वजह से, सर."

त्यांनी घड्याळ बघितलं. "लेके आओ."

जाताना बसगोंडानं हात धरला. "अण्णा, आज नक्कल करू नको. हसलं की दुखतंय."

घानाचा सार्जंट मेन्सा जीप घेऊन आला. त्याची इथली दुसरी पोस्टिंग, गावची भाषा त्याला यायची. वाटेत म्हणाला, "लढाईत त्या गावातले किती गेले, माहीत आहे? कोण उरलंय ते म्हातारा रोज बघतो. तू त्याला हसलास."

"मग आता?"

"जाऊन जमिनीवर बस. तो बोलेपर्यंत बोलू नको. जमेल?"

"न्हाय."

"आज जमव."

०९४० ला मी पापा लुकाच्या अंगणात मांडी घालून बसलो. तो मक्याची कणसं सोलत हुता. मेन्सानं बसगोंडाचं आणि पॅडचं सांगितलं, तरी सोलतच राहिला. एक टोपली भरली. मग बोलला. मेन्सा इंग्रजीत सांगत गेला.

"आई कशी आहे?"

"बरी हाय."

"कधी बोललास?"

"नऊ दिवस झालं."

"म्हणजे नऊ दिवसांपूर्वी बरी होती. जनावरं?"

"म्हैस हाय. व्यालीय. रेडी झाली."

त्यानं मान हलवली. रेडी पसंत पडली असावी.

"तुमच्यातला एकजण आजारी आहे म्हणे. त्याला आई आहे?"

"हाय."

"नाव काय तिचं?"

बसगोंडाचा नंबर मला पाठ. रक्तगट पाठ. सुट्टी किती शिल्लक, तेबी पाठ. आईचं नाव ठाऊक न्हवतं. तसं सांगितलं.

पापा लुकानं कणीस खाली ठेवलं आणि काठी उचलली. "त्याला विचार," म्हणाला. "मुरूम कुठं पडलाय?"

१०३० ला चाळीस माणसं फाटकात. मी फावडी वाटायला लागलो तर मेन्सानं दंड धरला. "थांब." पापा लुकानं ओळ लावली आणि सुरू केलं. आई कशी हाय, शेळी कशी हाय. तिकडं बसगोंडाचं वरडणं ऐकू येत हुतं. एकालाबी त्यानं वगळलं न्हाय. मी ओळीच्या शेवटी उभा राहिलो. १०५५ ला पहिलं फावडं पडलं.

१४२० ला पॅड पक्कं. १५०५ ला हेलिकॉप्टर उतरलं. स्ट्रेचरबरोबर पळता पळता मी विचारलं, "बसगोंडा, आईचं नाव काय रं?"

"गौरव्वा. का? घरी कळवलंस का काय? मी मरतोय का?"

"न्हाय मर्दा. पापा लुकाला पायजे."

१९०० ला रेडिओ बोलला, "ऑपरेशन झालं. पेशंट ठीक. ओव्हर." मी सिग्नलच्या तंबूमागं जाऊन पोत्यावर बसलो. नेपाळी हवालदारानं चहा आणून दिला. साखर घालायची इसरलाता. मी दोन कप प्यालो.

दुसऱ्या दिवशी डिटेलच्या कागदावर नवीन ओळ टाकली: ०७३० ते ०७५५, विचारपूस. मेजर साहेबांनी बोट ठेवलं. "ये क्या है?" म्हटलं, "एच.आर., सर." त्यांनी सही केली. बसगोंडा आता नेसरीत म्हशी पाळतो. गौरव्वाकाकू माझ्या लग्नात दोन दिवस आधी येऊन बसलत्या.

त्या ऑपरेशननंतर चार महिन्यांनी, एका शनिवारी, गस्तीवर गोळीबार झाला. सार्जंट मेन्सा गेला. सकाळी हेलिकॉप्टर त्याला न्यायला येणार हुतं. रात्रभर पाऊस. रविवारी गावाची प्रार्थना असती, त्या दिवशी डिटेलवर त्यांच्यातलं एकबी नाव मी कधी लिवत न्हवतो.

०६०० ला मी पॅडकडं गेलो. चाळीस माणसं मुरूम पसरत हुती. पापा लुका स्वतः घमेलं उचलत हुता. कुणाला कुणी काय विचारत न्हवतं.

हेलिकॉप्टर ०८४० ला उतरलं. आम्ही सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली. पॅडवर एकाचाबी पाय घसरला न्हाय.

सार्जंट मेन्सा, घाना. वय चौतीस.